निळ्या डोंगरातला उन्हाळा

डिसेंबर आला की आपल्याकडे कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. ऑस्ट्रेलियात मात्र याच महिन्यात उन्हाळा सुरू होतो, आणि सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्समध्ये घरोघरी दाराजवळ एक बॅग भरून ठेवलेली असते. ती सहलीची नसते.

ब्लॅकहीथ हे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर वसलेले टुमदार गाव. चारी बाजूंना निलगिरीचे जंगल. इंग्रजांनी आपल्या उटीकडे लावलेली निलगिरीची झाडे मूळची ऑस्ट्रेलियातलीच. तिच्या पानांतल्या तेलामुळे हे डोंगर दुरून निळसर दिसतात, असे सांगतात. तेच तेल आगही भडकवते. सह्याद्रीतला वणवा बहुधा गवत जाळत जमिनीलगत सरकतो. येथे मात्र झाडे शेंड्यापर्यंत पेटतात आणि सालींचे जळते तुकडे वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. घरे जळतात ती पुष्कळदा या ठिणग्यांनीच.

गावाच्या टोकाला, दरीच्या बाजूच्या गल्लीत एक निवृत्त जोडपे राहते. तो रेल्वेत होता, ती शाळेत शिकवीत असे. उन्हाळ्यात त्याचा दिवस शिडीवर सुरू होतो. छपराच्या पन्हळीत साठलेली वाळकी पाने काढल्याशिवाय तो चहाला बसत नाही. तोवर तिने मोबाइलवर दिवसाचा इशारा पाहिलेला असतो. रस्त्याकडेला अर्धगोल फलक असतो, त्यावरचा काटाही तेच सांगतो. सप्टेंबर 2022 पासून धोक्याच्या चार पायऱ्या आहेत. हिरवा म्हणजे मध्यम, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटचा गडद लाल. लाल म्हणजे महाविनाशक.

स्वयंपाकही या काट्यावर ठरतो. आगबंदीच्या दिवशी अंगणात कोळशाची शेगडी पेटवायची नाही. मग थंडगार कोळंबी, सॅलड आणि फळांनी सजवलेला पाव्हलोवा केक. नाताळचे जेवणसुद्धा असेच होते, आणि नातवंडांची त्याबद्दल काही तक्रार नसते.

काटा हिरव्यावर असला की दोघे बाहेर पडतात. सकाळी लवकर गोव्हेट्स लीपला. येथून ग्रोस दरीत सुमारे 180 मीटर खाली कोसळणारा धबधबा दिसतो. पाठलाग होत असलेल्या एका दरोडेखोराने येथून घोड्यासह उडी घेतली, अशी कथा पर्यटकांना ऐकवली जाते. खरे तर गोव्हेट हा 1831 मध्ये येथे आलेला मोजणीदार, आणि ‘लीप’ हा धबधब्यासाठीचा जुना शब्द. दरोडेखोराची कथा अधिक खपते, एवढेच. दुपारी गावातला तरणतलाव, आणि सफरचंदांच्या दिवसांत बिलपिनच्या बागा. तेथे झाडावरून आपल्या हाताने फळे तोडता येतात. गाडीत पेट्रोल मात्र निम्म्याहून कमी कधी नसते, आणि ती उभी करायची तीही रस्त्याकडे तोंड करून.

याच सवयींवरून एकदा दोघांचे चांगलेच वाजले होते. 26 ऑक्टोबर 2019 रोजी उत्तरेकडच्या गॉस्पर्स माउंटनच्या जंगलात वीज पडून आग लागली. 12 नोव्हेंबरसाठी सिडनी परिसराला ‘महाविनाशक’ इशारा मिळाला. 2009 मध्ये ही पायरी ठरवल्यापासून या भागावर अशी वेळ प्रथमच आली होती. त्याने पंप घेतला होता, टाकी भरलेली होती, सुती कपडे आणि जाड बूट काढून ठेवले होते. “मी थांबतो, तू जा,” तो म्हणाला.

तिला 7 फेब्रुवारी 2009 आठवत होता. त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी 173 माणसे घेतली, त्यांतली बरीच आपापल्या घरातच होती. “गेलो तर दोघे जाऊ, राहिलो तर दोघे राहू,” ती म्हणाली. “आणि मला राहायचं नाही.”

पहाटे अंधारातच दोघे सिडनीला बहिणीकडे गेले. त्या दिवशी ब्लॅकहीथला काहीच झाले नाही. परतताना तो वाटभर गप्प होता. पुढे डिसेंबरात आग खरोखरच पसरत ग्रोस दरीत उतरली. बिलपिन, माउंट टोमाकडे घरे जळाली. त्यानंतर बॅग उचलायला तिला सांगावे लागले नाही. ती आग अखेर पाच लाख हेक्टरांवर पसरली. तिच्याशी झुंजणाऱ्यांत बहुसंख्य गावोगावचे बिनपगारी स्वयंसेवक होते. त्यांनी पोटापाण्याचे काम सोडून महिनोन् महिने नळ्या ओढल्या. यांचे घर वाचले. अंगणात तेवढी काळी, करपलेली पाने पडली होती.

फेब्रुवारी 2020 मध्ये मुसळधार पाऊस झाला. कोळसा झालेल्या खोडांवर सालीखालून हिरवी पालवी फुटली. पुढच्या उन्हाळ्यात वेगळेच नवल घडले. वर्षानुवर्षे मातीत निपचित पडलेल्या बिया आगीनंतर रुजून वर आल्या आणि जळक्या माळावर गुलाबी फ्लॅनेल फुलांचा गालिचा पसरला. पाकळ्या हाताला मऊ कापडासारख्या लागतात. ही फुले पुन्हा कधी दिसतील याचा नेम नाही, म्हणून लोक दूरदूरहून आले. हे दोघेही सँडविच आणि चहाचा थर्मास घेऊन गेले. तो गुडघे दुखत असूनही खाली बसला आणि बराच वेळ फुले पाहत राहिला. तिने त्याचा तसाच फोटो काढला. तो आता अल्बममध्ये आहे, आणि अल्बम दाराजवळच्या बॅगेत.