तो तर तुमच्याकडे गेला!

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सहा जण पक्षी पाहायला उत्तराखंडात गेलो होतो. नैनितालजवळचं पंगोट आणि त्याच्या बरंच खाली असलेलं सातताल, ही दोन्ही ठिकाणं म्हणजे पक्षीवेड्यांची पंढरी. पंगोट सुमारे दोन हजार मीटर उंचीवर. पाऊस संपून आभाळ स्वच्छ झालेलं, बांजाच्या जंगलात सकाळी बोटं आखडतील इतकी थंडी. लाल चोचीचा निळा मॅगपाय आपली लांबलचक शेपटी सांभाळत दरीवरून गेला, तेव्हा आमच्यातलं कुणी अर्धा मिनिट बोललं नाही.

माझ्या यादीत पहिलं नाव होतं निळ्या टोपीच्या कस्तुराचं. नराचं डोकं निळं, डोळ्यांवर काळी पट्टी, पोट विटकरी, पंखावर पांढरा ठिपका. सातताललाही तो दिसेना, तेव्हा मी आमच्या वाटाड्याला विचारलं. विशीतला पोरगा, तिथलाच. तो हसून म्हणाला, "वो तो आपके यहाँ गया, सर."

खरंच होतं ते. हा कस्तूर उन्हाळ्यात हिमालयात घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि शरद ऋतूत निघून आपल्या सह्याद्रीत येतो. ज्याला शोधायला मी दोन दिवस रेल्वेत बसलो, तो उलट दिशेने माझ्या घराकडे निघाला होता.

आपल्याला वाटतं, पक्षी थंडीला भिऊन खाली येतात. पण पिसं थंडी बऱ्यापैकी अडवतात. खरी अडचण पोटाची. वर गारठा वाढला की किडे दिसेनासे होतात आणि किड्यांवर जगणाऱ्याला मुक्काम हलवावा लागतो. काही पक्षी नुसते डोंगर उतरून खालच्या दरीत थांबतात. काही थेट पश्चिम घाट गाठतात. पोटासाठी गाव सोडणं आपल्याला नवीन नाही. आमच्या खांदेश्वरच्या इमारतीत कुणाचं गाव रत्नागिरीकडे, कुणाचं साताऱ्याकडे, कुणाचं पार आझमगढला.

अम्मीला हिमालय पाहायची फार इच्छा. पण गुडघे असे, की दुसऱ्या मजल्यावर चढतानाही मध्ये थांबते. म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिला गाडीत घातलं आणि कर्नाळ्याला नेलं. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर. 1968 साली हे अभयारण्य झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. 2003 मध्ये ते वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर केलं. किल्ल्याचा सुळका खालूनही दिसतो. अम्मीला खुर्ची टाकून दिली. तासाभराने वाळक्या पानांवर काहीतरी टपकन उतरलं, किडा उचलला आणि परत फांदीवर जाऊन गप्प बसलं. निळी टोपी, विटकरी पोट. तोच.

अम्मीला दुर्बीण नीट धरता येईना. पण एकदाचा दिसला. बराच वेळ पाहून तिने विचारलं, "सहा महिने तिथे, सहा महिने इथे. मग ह्याचं गाव कुठलं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी अम्मी अजून "गावी जाऊन येते" म्हणते, आणि गावी चार दिवस राहिली की "घरी जायचंय" म्हणते.

आपण अशा पक्ष्यांना 'पाहुणे' म्हणतो. कौतुकानेच म्हणतो. पण अर्धं वर्ष राहणारा पाहुणा कसा? शिवाय पाहुण्याची जबाबदारी चार दिवसांची असते. हा कस्तूर जमिनीवरच्या पाचोळ्यातले किडे खाऊन जगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या रायगडच्या डोंगरांवर वणवे लागतात, कितीतरी वेळा माणसानेच लावलेले. त्यात पाचोळा जळतो, किडे जळतात. नेमकं तेव्हाच ह्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. उद्या साततालचा तो पोरगा एप्रिलमध्ये वाट पाहत बसला आणि कस्तूर आलाच नाही, तर चूक साततालची असेलच असं नाही.

सालिम अलींनी आयुष्यभर हिमालयापासून केरळपर्यंत पायपीट केली. पण सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास 1930 मध्ये झाला तो इथेच, अलिबागजवळच्या किहीमला. नर एकापेक्षा जास्त घरटी विणायला घेतो आणि मादी पाहून पसंत करते, हे त्यांनी तिथे बारकाईने पाहून लिहिलं. हातात नोकरी नव्हती. घराजवळची झाडं होती आणि रोज पाहण्याची चिकाटी होती.

हिमालयात जरूर जा. मीही पैसे जमले की पुन्हा जाईन. पण सप्टेंबर उलटला की आपल्या तळ्याच्या काठावर, ओढ्याच्या दगडांवर लक्ष ठेवा. पोटाखाली पिवळा, सतत शेपटी खालीवर करणारा करडा धोबी दिसला, तर समजा डोंगराकडची मंडळी यायला लागली. त्यांची जागा शिल्लक ठेवणं आपल्याकडे आहे.