मालवणची गरम भाकरी

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे मालवणला जाऊन आलो. मुलाने समुद्राकाठच्या हॉटेलात खोली घेऊन दिली होती. गॅलरीतून समोरच सिंधुदुर्ग किल्ला. शाळेच्या सहली घेऊन मी अनेकदा आलो, हिला मात्र कधी आणले नव्हते.

आसपास खानावळी भरपूर. पहिल्याच रात्री तळलेली सुरमई, तिरफळे घातलेली बांगड्याची आमटी, तांदळाची भाकरी, सोलकढी! ही नुसती ताटाकडे बघत बसलेली. "अगं, जेव ना!" तर म्हणाली, "गरम भाकरी कोणी पानात वाढायची सवय नाही हो."

सेहेचाळीस वर्षे तव्यावरची भाकरी माझ्या पानात पडली. ही मागाहून गार खायची. मी बघत होतो, पण दिसले मालवणात.

सध्या भाकरी शिकतोय. अजून नकाशेच होतात!