डावा अंगठा

गेल्या पावसाळ्यापासून डावा अंगठा माझं ऐकेनासा झालाय. वस्तरा उजव्या हातात, म्हणून गिऱ्हाईक उजव्याचं कौतुक करतं. दाढी होते ती डाव्याच्या जिवावर. कातडी ताणून धरायचं काम त्याचं. सांधा सुजला, ताण ढिला पडला, आणि मानेवर मला उलटा हात मारता येईना.

आमचे एक हवालदारसाहेब आहेत. नोकरीमुळे दाढी रोजची, मान कायम लाल पुटकुळ्यांनी भरलेली. अंगठा ढिला पडल्यावर ती मान हळूहळू निवळली. "मामा, हात सुधारला तुमचा," म्हणाले. मला रागच आला.

कारण समजत नाही असं नाही. त्यांचे केस कुरळे, मुळापासूनच वाकलेले. कातडी ताणून उलटा हात मारला की केस वर खेचून कापला जातो, अंगठा सोडला की कातडीखाली जातो. तिरपं कापलेलं ते टोक मग वाढताना बाहेरची वाट न धरता आतच घुसतं. तर कधी केस बाहेर येतो, गोल वळतो आणि शेजारीच पुन्हा आत शिरतो. असा केस सुईच्या टोकानं नुसता वर उचलायचा. चिमट्यानं उपटला की नवा उगवताना पुन्हा तेच. त्वचेच्या डॉक्टरांनी साहेबांच्या चिठ्ठीवर 'स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी' लिहिलं होतं. आम्ही 'मान उठली' म्हणायचो आणि तुरटी फिरवायचो. तुरटीनं रक्त थांबतं, आत वळलेल्या केसाला तिचं काय?

पण खरी अडचण त्यांच्या भोवऱ्याची. घाटीच्या डाव्या अंगाला, रुपयाएवढा. वरचे केस खाली जातात, खालचे वर, मधले कानाकडे. तिथं सुलटा हात म्हणजे कुठला? दाढी दोन दिवसांची असेल तर बोट फिरवून कळतं, पण यांची रोजची. मी गरम टॉवेल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवतो, फेस मुरू देतो, कागदातच मोडलेलं नवं अर्धं पातं लावतो आणि वस्तऱ्याला दाब न देता आखूड आखूड हात मारतो, प्रत्येक हाताला दिशा बदलून. एवढं करून थोडी खरखर उरतेच. ती उरू द्यायची, हाच इलाज आहे आणि हेच मला सोसत नाही. दाढी झाल्यावर गिऱ्हाईक गालावरून उलटा तळवा फिरवतं, त्या क्षणासाठी तर मी आयुष्यभर वस्तरा धरला.

काचेसारख्या गालाचं हे वेड कंपन्यांनीही पोसलं. 1971 साली जिलेटनं दोन पात्यांचा रेझर काढला, 2006 ला पाच पात्यांचा. पहिलं पातं केस ओढतं, मागचं तो आणखी खोल कापतं. म्हणजे माझ्या अंगठ्याचंच काम. फरक एवढाच, की पात्याला समोरची मान दिसत नाही. एसी पार्लरवाले त्यावर दाणेदार स्क्रब घासतात, तेही दाढी झाल्या झाल्या, सोललेल्या कातडीवर! वर त्याचे वेगळे पैसे.

ट्रिमरवाल्या पोरांना मात्र मी नावं ठेवतो ती निव्वळ जळफळाटानं. वस्तरा धरता येत नाही त्यांना. मशिन फिरवतात, मिलिमीटरभर खुंट सोडतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकाची मान स्वच्छ. केस कातडीखाली गेलाच नाही तर आत वळणार कुठून? माझा पुतण्याही त्यातलाच. साहेबांना त्याच्या खुर्चीत बसवावं, असं मनात येतं, पण तोंडातून निघत नाही.

परेडच्या आदल्या संध्याकाळी साहेब आले. "आज उलटा मारा मामा, उद्या बडे साहेब आहेत." नको म्हणायला हवं होतं. मी अंगठ्याला तुरटी घासली, म्हणजे ओली कातडी सटकत नाही, आणि दुखणं दाबून भोवरा ताणून धरला. मान अशी झाली की पुतण्या मशिन बंद करून बघत राहिला. चौथ्या दिवशी पुटकुळ्या हजर. साहेब चिडले नाहीत. पुढची परेड कधी, ते मी त्यांना विचारून ठेवलंय.