नाताळ, नातलग आणि फुटबॉल

वाचकहो, वर्षभर दुसऱ्यांची मते मराठीत उतरविणे हा माझा व्यवसाय आहे. शेतीतज्ज्ञांची, वैद्यांची, अर्थशास्त्रज्ञांची मते माझ्या मेजावरून जातात आणि त्यांतील एकाशीही माझे भांडण नसते; कारण अनुवादकाने भांडावयाचे ते केवळ शब्दांशी. तेव्हा स्वतःची मते मांडण्याची ही दुर्मीळ संधी मी दवडणार नाही. मते तीनच आहेत. एक हिवाळ्यातील सुट्यांविषयी, दुसरे कुटुंबाविषयी आणि तिसरे अमेरिकेतील कॉलेजांच्या फुटबॉलविषयी. या तिसऱ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे आपण विचाराल. अधिकार एवढाच की, २०२४ च्या डिसेंबरात मी वडिलांना घेऊन ओहायो राज्यातील कोलंबस शहरी थोरल्या भावाकडे चार आठवडे राहून आले. त्या गावी फुटबॉलविषयी मत नसणे म्हणजे अंगात ताप असण्यासारखे आहे. लोक काळजीने विचारपूस करू लागतात.

प्रथम सुट्यांविषयी. आपले सण वर्षभर पसरलेले असतात. एकाचा फराळ संपतो न संपतो तोच दुसऱ्याची चाहूल लागते. अमेरिकेत मात्र नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा सण येतो, पाठोपाठ नाताळ आणि मग नववर्ष. सारा आनंद पाच आठवड्यांच्या पेटीत कोंबून भरलेला! त्या चौथ्या गुरुवारचीही एक कथा आहे. १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला अधिक दिवस मिळावेत म्हणून हा सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी मानले नाही, आणि एकाच देशात एका सणाच्या दोन तारखा झाल्या. अखेर १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार कायम करावा लागला. ही हकीकत वाचून मला त्या देशाविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली. २०२४ साली आपल्याकडेही लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावरून पंचांगकर्त्यांत वाद माजलाच होता की! आमच्या इंदूरच्या आळीत तर एका घरी पूजा आटोपली होती आणि शेजारच्या घरी अद्याप पणत्या धुऊन वाळत होत्या.

परंतु तारीख कोणतीही असो, सुटीत एक मोठा दोष असतो असे माझे ठाम मत आहे. ती माणसांना समोरासमोर बसविते. कामाच्या दिवसांत घरातली माणसे एकमेकांना पाठमोरीच अधिक दिसतात आणि म्हणूनच त्यांचे बरे चालते. सुटीत ती जेवणाच्या मेजाभोवती बसतात, एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि मग काहीतरी बोलणे भाग पडते. जे बोलावयाचे असते ते बोलता येत नाही आणि जे बोलता येते ते पहिल्या अर्ध्या तासात संपते.

आमच्या घरी हा दोष जरा जास्तच जाणवणारा होता. आई २०२१ च्या मे महिन्यात गेली. ते दिवस कसे होते हे आपणांस सांगावयास नको. निघावे की थांबावे, निघालो तर परतता येईल की नाही, या विचारात दादाचे काही दिवस गेले आणि तो इंदूरला पोहोचला तेव्हा तेरावे होऊन गेले होते. अण्णा त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यानंतर दादाचा फोन आला की अण्णा विचारावयाचे, “तिकडे थंडी किती?” आणि उत्तर पुरते ऐकण्यापूर्वीच फोन माझ्या हाती द्यावयाचे. हा प्रश्न ते डिसेंबरात विचारीत आणि मे महिन्यातही विचारीत. कोलंबसला पोहोचल्यावर तर तोही आधार गेला. कारण थंडी किती आहे हे खिडकीतून समोर दिसतच होते. मग अण्णा मला म्हणत, “त्याला सांग, भाजी चांगली झाली आहे.” आणि तो चार हातांवर बसलेला असे.

आता फुटबॉल. एक अनुवादक म्हणून प्रथमच नोंदवून ठेवते की, या खेळाचे नावच मुळात चुकलेले आहे. यात पायाचा चेंडूशी संबंध क्वचित येतो; लंबगोल चेंडू हातात घेऊन पळावयाचे किंवा तो हाताने फेकावयाचा. ज्याला ते ‘टचडाउन’ म्हणतात व ज्याचे सहा गुण मिळतात, त्यात चेंडू जमिनीला टेकविण्याची गरजच नसते. अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन. एक प्रयत्न म्हणजे काही सेकंदांची झोंबाझोंबी. मग सर्वजण उठतात, अंग झाडतात, आणि जणू काही कचेरीची बैठक असावी तशी डोकी एकत्र करून उभे राहतात. घड्याळाप्रमाणे हा खेळ साठ मिनिटांचा, परंतु पाहणाऱ्याचे त्यात साडेतीन तास जातात. अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कागदावर नियम उतरवून काढले आणि ‘चार प्रयत्न’ या शब्दांखाली रेघ मारली.

दादा कोलंबसच्याच विद्यापीठात शिकला आणि तेथेच स्थायिक झाला. त्याचा मुलगा मात्र शिकावयास गेला तो शेजारच्या राज्यात, मिशिगन विद्यापीठात. हे म्हणजे एखाद्या सुनेने माहेरच्या बाजूने कोर्टात साक्ष देण्यासारखे झाले. या दोन विद्यापीठांचे संघ १८९७ पासून एकमेकांशी झुंजत आले आहेत. मिशिगनचे मैदान ज्या ॲन आर्बर गावी आहे, त्याची लोकसंख्या सुमारे सव्वा लाख आणि मैदानात बसावयास जागा एक लाख सात हजारांना! सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठातील पाट्यांवरचे ‘एम’ हे अक्षर जेथे दिसेल तेथे तांबड्या पट्टीने खोडून टाकतात. दादाने तीच प्रथा घरी पाळली होती. आम्ही पोहोचलो तेव्हाही वहिनींच्या मसाल्याच्या बरणीवरील ‘एम’ वर तांबडी फुली होती. एवढे करूनही ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३–१० असे हरविले होते, आणि नाताळच्या सुटीसाठी घरी आलेला माझा पुतण्या हा आकडा दिवसातून तीनदा तरी, मीठ मागावे इतक्या सहजपणे, उच्चारीत असे.

बापलेक मोठमोठ्याने भांडत आणि लगेच एकाच ताटातले थालीपीठ तोडून खात. अण्णा ते नवलाने पाहत असत. पुतण्या म्हणे, “१९०२ साली पहिल्या रोझ बोलमध्ये आम्ही स्टॅनफर्डला ४९–० ने हरविले!” हे खरे आहे. तो सामना इतका एकतर्फी झाला की, पुढे १९१६ पर्यंत पासाडीनाच्या संयोजकांनी फुटबॉलचे नाव काढले नाही; रथांच्या शर्यतीसुद्धा लावल्या, पण फुटबॉल नको. मात्र १९०२ साली आमचे पूर्वज माळव्यात कोणाच्या तरी कचेरीत खर्डेघाशी करीत होते, तेव्हा त्या विजयातील ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण, हे मला कळेना. अण्णांना मात्र कळले. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, हे तेही ‘आम्ही जिंकला’ असेच सांगतात. आणि १९५२-५३ साली चौथ्यांदा जिंकला तेव्हा त्यांचे वय होते सहा वर्षांचे.

१ जानेवारी २०२५ रोजी रोझ बोलमध्ये ओहायो स्टेट आणि ओरेगन यांची गाठ होती. कोचावर दादा, मध्ये पुतण्या आणि पलीकडे शाल पांघरलेले अण्णा. मध्यंतराला दादाचा संघ ३४–८ असा पुढे होता, त्यामुळे घरात शांतता होती. त्या शांततेत पुतण्याने आजोबांना १९२९ सालच्या रोझ बोलची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियाच्या संघातील रॉय रीगल्स या मुलाच्या हाती निसटलेला चेंडू आला. गडबडीत त्याची दिशा चुकली आणि तो साठांहून अधिक यार्ड चक्क स्वतःच्याच गोलरेषेकडे पळत सुटला. त्याच्याच संघातील बेनी लॉम ओरडत त्याच्या मागे धावला आणि अगदी रेषेजवळ त्याला धरले. पण त्या चुकीपायी लगेच दोन गुण गेले आणि जॉर्जिया टेकने सामना ८–७ असा जिंकला.

“मग त्या मुलाचे काय झाले?” अण्णांनी विचारले.

मध्यंतरात तो कोपऱ्यात रडत बसला होता. आता मैदानावर जाणे नाही म्हणाला. प्रशिक्षकाने त्याची समजूत घातली की, अर्धा सामना अजून उरला आहे. तो गेला आणि उत्तम खेळला. पुढच्या मोसमात तोच संघाचा कर्णधार होता.

इतके सांगून पुतण्या काही खावयास आणण्यासाठी उठला. कोचावर मधली जागा रिकामी झाली. पडद्यावर मोटारींच्या जाहिराती चालल्या होत्या आणि दोघेही त्या मोठ्या आस्थेने पाहत होते. मग अण्णा, पडद्यावरची नजर न काढता, दादाला म्हणाले, “तू उलटा पळालास, एवढेच मी धरून बसलो. मागे धावायला हवे होते, ते मी धावलो नाही.”

दादाही पडद्याकडेच पाहत होता. तो म्हणाला, “उशीर मीच केला, अण्णा.”

एवढेच. साडेतीन वर्षांत ते प्रथमच एकमेकांशी बोलले होते आणि मध्ये मी नव्हते. तेवढ्यात खेळ पुन्हा सुरू झाला, पुतण्या चिवड्याचा वाडगा घेऊन मधल्या जागेवर येऊन बसला आणि सर्वजण ओरडू लागले. अण्णाही ओरडले, कोणाच्या बाजूने, हे मी विचारले नाही. सामना ओहायो स्टेटने ४१–२१ असा जिंकला.

तेव्हा वाचकहो, कुटुंबाविषयीचे माझे मत हे असे आहे. सुटीत आपल्या माणसांना समोर बसवू नका, शेजारी बसवा. पुढे पाहावयास काहीतरी असू द्या. ते जितके निरर्थक असेल तितके चांगले. क्रिकेट चालेल, पतंग चालतील, शेगडीवर उतू जाऊ पाहणारे दूधही चालेल. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून जे शब्द फुटत नाहीत, ते दोघांनी मिळून तिसरीकडे पाहिले म्हणजे कधी कधी आपोआप निघून जातात.

राहिले फुटबॉलविषयीचे मत. ते आता अण्णांचेच आहे असे म्हणावे लागेल. ज्या खेळात तीन वेळा फसल्यावरही चौथा प्रयत्न शिल्लक असतो, तो खेळ वाईट नाही, असे ते म्हणतात. २० जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४–२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पुतण्याच्या मते त्याचा अर्थ एवढाच की, राष्ट्रविजेत्यांना मिशिगनने हरविले होते. आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची सकाळ उजाडली होती. मी दिल्लीहून अण्णांना फोन लावला. तो तासभर गुंतलेला होता. अखेर लागला तेव्हा मी सवयीने विचारले, “दादाकडे थंडी किती?”

अण्णा म्हणाले, “अगं, ते विचारायचे राहूनच गेले.”