सुबाभूळ किती उंच?



आज फवारणी-खताचं काही नाही, दहावीच्या भूमितीचं आहे. पण विषय शेवटी शेतातल्या झाडावरच येतो, म्हणून इथंच लिहितोय.

थोरलीची पूर्वपरीक्षा चालू आहे. गणित भाग २, चाळीस मार्क, दोन तास. त्रिकोणमिती तिचा कच्चा धडा. मी स्वतः दहावीला गणितातच अडकलेलो, त्यामुळे शिकवणार काय? नुसता शेजारी बसतो. तिनं पाठांतरासाठी "संक, लक, संल" असं काहीतरी बनवलंय. साइन म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण, कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. चार दिवस ऐकून ऐकून मलाही पाठ झालं.

पुस्तकात एक गणित आहे. माणूस चर्चपासून ८० मीटरवर उभा, उन्नत कोन ४५ अंश, उंची किती? टॅन ४५ म्हणजे १, म्हणून उत्तर ८० मीटर. दुसरं वादळात मोडलेल्या झाडाचं. शेंडा बुंध्यापासून २० मीटरवर टेकलाय, जमिनीशी ६० अंशाचा कोन. झाडाची मूळ उंची येते ७४.६४ मीटर. मी फुटात करून बघितलं, २४५ फूट! आपल्या बिडकीन शिवारात कुणी एवढं झाड पाहिलं असेल तर कमेंटमध्ये सांगा.

आमच्या विहिरीजवळ एक सुबाभूळ वाळून उभी आहे. तोडणाऱ्याला दाखवली तर म्हणला, "बिनधास्त पाडा दादा, तारेला नाही लागत. तीस-बत्तीस फूट असंल." पण विजेची लाईन तिथून ३२ फुटांवर. आणि झाड नेमकं लाईनीकडंच कललेलं. मला काही झोप लागेना. पोरीला म्हणलं, चल, तुझं गणित शेतात करू.

सावलीवरूनही उंची काढता येते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, सावलीच्या गणिताचं वेगळं प्रकरणच आहे. पण त्या दिवशी सगळं आभाळ आलेलं. हरभरा घाट्यात, त्यामुळे घाटेअळीची धास्ती वेगळीच.

मग कंपास पेटी काढली. तिच्यात दोन गुण्ये असतात, एक ४५ अंशाचा, एक ३०-६० चा. पुस्तकात फिरून फिरून हेच कोन का येतात ते मला त्या दिवशी कळलं. गुण्याच्या वरच्या कोपऱ्याला चिकटपट्टीनं दोरा लावला, खाली नट बांधला. झाला ओळंबा. दोरा गुण्याच्या उभ्या कडेला लागून राहिला पाहिजे, म्हणजे खालची कड आडवी सपाट. दोऱ्याकडं ती बघणार, तिरक्या कडेवरून शेंड्याकडं मी. मागं मागं सरकत गेलो, शेंडा कडेवर आला तिथं थांबलो. ड्रिपच्या कामाची शंभर फुटी टेप लावली. बुंध्यापर्यंत ३४ फूट. म्हणजे झाड ३४ फूट.

मी म्हणलं, "३२ पेक्षा जास्त आहे, लागणार."

"पप्पा, तार जमिनीवर आहे का? वर आहे ना. कर्ण काढावा लागंल."

तार साधारण १८ फुटांवर धरली. ३२ चा वर्ग १०२४, १८ चा ३२४, बेरीज १३४८. वर्गमूळ ३६.७. झाड ३४ चं, म्हणजे तारेपर्यंत पोचत नाही. तोडणारा बरोबर निघाला म्हणून आम्ही खुशीत घरी आलो. मी त्याला फोन करून मंगळवार पण ठरवला.

रात्री ती सराव प्रश्नपत्रिका सोडवत होती. त्यातला मुलगा दीड मीटर उंच होता. पेन थांबलं. "पप्पा, तुम्ही बघितलं कुठून? डोळ्यातून ना? जमिनीवर झोपून थोडंच?"

माझा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर. त्या चर्चच्या गणितात माणसाची उंची धरलेलीच नाही, आम्हीही तसंच केलं. ३४ अधिक ५, झाड ३९ फूट. तार ३६.७ वर. अंगावर काटा आला हो.

सकाळी शाळेच्या आधी ३० अंशाच्या बाजूनं परत मोजलं. यावेळी ६० फूट मागं जावं लागलं. ६० भागिले १.७३२, आले ३४.६. अधिक ५, म्हणजे साडेएकोणचाळीस. अर्ध्या फुटाचा फरक. टेपला झोळ पडतो, हात हलतो, तेवढं चालायचंच. (कुणी करून बघणार असाल तर जमीन सपाट पाहिजे. बांधावर उभं राहून मोजलं तर हिशोब चुकतो.)

मंगळवार रद्द केला. आता वायरमनला सांगून, लाईन बंद करून, आधी वरून शेंडा उतरवायचा, मग बुंधा दोरानं उलट्या बाजूला ओढून पाडायचा. तोडणारा जास्त पैसे मागतोय. देऊ.

काल पेपर झाला. उंचीचं गणित आलं होतं, ते तिचं बरोबर आहे. साइन वर्ग अधिक कॉस वर्गावरची सिद्धता मात्र चुकली. तिथं कुठलं झाड दाखवावं ते मला सुचत नाही. आत्ता खाटेवर बसून तेच परत मांडतेय, तिसरं पान चालू आहे.