दोष कोणाचा?

घरांतलें घड्याळ बंद पडलें, कीं त्याला शेवटचा हात कोणी लावला, हा प्रश्न सर्वांत आधीं निघतो. घड्याळ कशानें बंद पडलें, हा प्रश्न मागाहून. आणि पुष्कळदां तो निघतच नाहीं, कारण पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें म्हणजे घरांतील वडील मंडळींचें समाधान झालेलें असतें. ही खोड आमच्याही अंगीं आहे, याचा अनुभव आम्हांस गेल्या वैशाखांत आला. हकीकत लहान आहे, आणि ती सांगण्यांत आमची शोभा नाहीं. तथापि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस तिचा कांहीं उपयोग होईल, म्हणून येथें देत आहों.

आमचें बिऱ्हाड जळगांवास, आणि थोरले काका धुळ्यास. १९०६ सालीं सरकारनें खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. आमच्या घराण्याच्याही पुढें तशाच दोन शाखा झाल्या. काकांनीं आयुष्याचा उत्तरार्ध घराण्याचा वृत्तांत जमविण्यांत घालविला. जुने मोडी कागद वाचून काकांनीं ते बाळबोधींत उतरावे, आणि आम्हीं ते संकेतस्थळावर चढवावे, असा क्रम २०१४ पासून चालू आहे. वंशावळ, जुनीं छायाचित्रें, दत्तकपत्रें, लग्नांच्या याद्या, असें सर्व तेथें आहे, आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेले आप्त तें उघडून पाहतात. काकांचें सहस्रचंद्रदर्शन एका रविवारीं धुळ्यास व्हावयाचें होतें, आणि त्याच दिवशीं वृत्तांताचें शेवटचें प्रकरण सर्वांपुढें वाचावयाचें ठरलें होतें.

त्याच्या आधींच्या गुरुवारीं सकाळीं संकेतस्थळ उघडलें, तों पांढऱ्या पानावर एकच ओळ: या स्थळीं गंभीर चूक झाली आहे. सर्व्हरनें दिलेला क्रमांक ५००. ज्या दारानें आम्ही आंत जाऊन लेखन करतों, तेंही बंद. आदल्या रात्रीं पुतण्यानें, "काका, पीएचपीची आवृत्ति बदलली आहे," असें सांगितलें होतें, तें आठवलें. सर्व्हर ज्या भाषेंत काम करतो, तिचें हें नांव. मग आम्हीं पुढें विचार केला नाहीं. सर्वांदेखत त्याला म्हणालों, "विचारल्यावांचून हात लावूं नये, हें तुला कितीदां सांगावें? तीन दिवसांवर कार्य आलें, आणि तूं सगळें बुडवून ठेवलेंस!" मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वडिलांना उलट उत्तर देण्याची त्याची रीत नाहीं. "बरं काका," इतकेंच तो म्हणाला, आणि दुपारीं पानावरून अर्धपोटीं उठला. वहिनी त्या दिवशीं आमच्याशीं कामापुरतेंच बोलल्या.

सर्व्हरच्या व्यवहारांत चुकांचेही वर्ग केलेले आहेत. चारशेंच्या घरांतील क्रमांक आला, तर चूक मागणाऱ्याकडे: ४०४ म्हणजे तुम्हीं मागितलेलें पान येथें नाहीं. पांचशेंच्या घरांतील क्रमांक आला, तर चूक देणाऱ्याकडे. त्यांत ५०० हा सर्वांत मोघम. "माझ्याच आंत कांहीं बिघडलें आहे," एवढें तो कबूल करतो; काय बिघडलें, तें सांगत नाहीं. यंत्रानें दोष स्वतःकडे घेतला होता. आम्ही मात्र तो दुसऱ्याच्या माथीं मारून मोकळे झालों होतों.

आमचें स्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर उभें आहे. ती २००३ सालीं निघाली, आणि आज जगांतील शेंकडा चाळिसांहून अधिक संकेतस्थळें तिच्यावर चालतात. मूळ प्रणाली साधी. पण २००४ पासून तिला बाहेरच्या कारागिरांनीं केलेल्या जोडण्या, म्हणजे प्लगइन, लावण्याची सोय झाली. तिच्या भांडारांत अशा जोडण्या पन्नास हजारांहून अधिक आहेत. एक बटन दाबलें कीं जोडणी बसते, ही मोठी सोय. परंतु प्रत्येक जोडणी मूळ प्रणालीबरोबरच चालते, आणि एखादी अडखळून पडली, तर तिच्याबरोबर सारें स्थळ खालीं येतें. आमच्याकडे अशा १४ जोडण्या होत्या.

शुक्रवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्या आपण होऊन शेजारीं येऊन बसला. प्रथम त्यानें सर्व फाइलींची व डेटाबेसची नक्कल काढून ठेवली. दुरुस्तीच्या भरांत आणखी मोडतोड झाली, तर परतीची वाट असावी, हा हेतु. मग सर्व्हरवर जागा भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या फाइल मॅनेजरमधून तो आंत शिरला, आणि 'प्लगइन्स' या फोल्डरचें नांव त्यानें नुसतें बदललें. प्रणालीला आपल्या जोडण्या सांपडेनात. तेव्हां ती त्यांच्यावांचून उभी राहिली. पान उघडलें! ओकेंबोकें दिसत होतें, पण उघडलें. म्हणजे मूळ स्थळ शाबूत होतें, आणि दोष चौदांपैकीं कोणांत तरी होता.

आंत जाऊन जोडण्यांची यादी पाहतां, सर्व बंद झाल्याची नोंद झालेली दिसली. फोल्डरचें नांव पूर्ववत् केलें. आतां एकेक सुरू करून पाहूं, असें आम्हीं सुचविलें. "निम्म्या निम्म्या करूं, काका," तो म्हणाला. सात सुरू केल्या, स्थळ चाललें. उरलेल्या सातांतल्या चार सुरू केल्या, स्थळ पडलें. पुन्हां फोल्डरचें नांव बदलून तें उभें केलें. त्या चारांतल्या दोन निर्दोष निघाल्या. राहिलेल्या दोहोंतली एकही निर्दोष निघाली. चौथ्या फेरींत एकच जोडणी उरली. खात्रीसाठीं त्यानें प्रणालीच्या मुख्य मांडणीच्या फाइलींत चुकांची नोंदवही सुरू केली, ती पाहुण्यांस दिसूं नये अशी व्यवस्था केली, आणि ती जोडणी मुद्दाम चालू केली. स्थळ पडलें, आणि नोंदवहींत ओळ उमटली: 'क्रिएट फंक्शन' या नांवाचें काम सांगितलें जात आहे, पण असें काम येथें नाहीं. पुढें फाइलीचें नांव आणि ओळीचा आंकडा. पीएचपीनें हें काम २०१७ सालच्या ७.२ आवृत्तींत निवृत्तीस लावलें, आणि २०२० च्या ८.० आवृत्तींतून काढून टाकलें. जोडणीच्या कर्त्यानें मात्र कित्येक वर्षांत तिच्याकडे पाहिलेंच नव्हतें.

वाचकहो, ती जोडणी आम्हीं स्वतः बसविली होती. छायाचित्रांचीं पानें पुस्तकासारखीं उलटावीं, या हौसेनें, २०१४ सालीं. गेल्या गणपतींत पुतण्या म्हणालाही होता, "काका, ही फार जुनी झाली, काढून टाकूं." "दिसते छान, राहूं दे," असें आम्हीं उत्तर दिलें होतें. पीएचपीची जुनी ७.४ आवृत्ति तर २०२२ च्या नोव्हेंबरापासून सुरक्षेच्या दुरुस्त्यांस मुकली होती. ती बदलणें जरूरच होतें. "आधीं नकलेवर करून पाहायला हवें होतें, तेवढें माझें चुकलें," असें तो आपण होऊन म्हणाला. आमचें किती चुकलें, तें आम्ही त्या रात्रीं बोललों नाहीं.

आणखी एक गोष्ट शनिवारीं पहांटे कळली. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळीं व्यवस्थापकास ईमेलनें पत्र धाडतें. त्यांत बिघडलेल्या जोडणीचें नांव असतें, आणि आंत शिरण्यासाठीं एक खास दुवाही असतो. तें पत्र गुरुवारींच आलें होतें; पण तें आमच्या जुन्या पत्त्यावर पडून होतें, आणि तो पत्ता आम्ही दोन वर्षांत उघडला नव्हता!

जोडणी काढून टाकली. छायाचित्रें निराळ्या फोल्डरांत असल्यामुळें तीं सर्व सुखरूप राहिलीं. मात्र जेथें पानें उलटत असत, तेथें चौकटी कंसांत जोडणीचें नुसतें नांव उघडें पडलें. अशीं ३१ पानें आम्हीं दोघांनीं मिळून हातानें नीट केलीं.

सकाळीं चहाच्या वेळीं, ज्यांच्यादेखत त्याला बोललों होतों, त्यांच्याच देखत सांगितलें, "बाळ, चूक माझी होती. जोडणी मीं बसविली, तूं सांगितलेंस तें मीं ऐकलें नाहीं, आणि वर तुलाच बोललों." आमच्या घरांत वडिलांनीं धाकट्यांपुढें असें बोलण्याची चाल नाहीं, शब्द तोंडांतून निघतांना जड गेले. मुलगा ओशाळला. "असूं दे हो काका," म्हणाला, आणि पोह्यांची बशी पुढें ओढली. वहिनींनीं न विचारतां आमच्या पेल्यांत आणखी चहा ओतला.

रविवारीं एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्यास पोंचलों. कार्य यथासांग झालें, आणि शेवटचें प्रकरण पडद्यावर वाचलें गेलें. दुपारीं काकांना ही हकीकत सांगितली. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच पडला, आणि त्यांचीं दप्तरें सांभाळणारें मंडळ पुढच्याच सालीं तेथें निघालें. अस्सल कागद पाहिल्याखेरीज बोलूं नये, ही शिस्त काकांनीं त्या वाटेनेंच घेतलेली. ते हंसून म्हणाले, "अरे, पोथींत चूक आढळली, कीं लोक शेवटच्या नकलणाऱ्याला धरतात. त्यानें बिचाऱ्यानें समोर होतें तें इमानानें उतरलेलें असतें. घोळ तीन नकला मागें असतो. मागें जाऊन पाहावें, मग बोलावें."

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही दोघे यादी घेऊन बसतों. जिचा कर्ता तिच्याकडे पाहत नाहीं, अशी जोडणी काढून टाकावयाची. कोणताही बदल आधीं नकलेवर करून पाहावयाचा. आणि व्यवस्थापकाचीं पत्रें आतां पुतण्याच्या पत्त्यावर जातात. गेल्या महिन्यांत त्यानें आमच्या आवडीची आणखी एक जोडणी काढावयास सांगितली. वाईट वाटलें, पण काढली.