बोअरचं पाणी

मागच्या दोन शनिवारी काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. रिलीज होता वगैरे कारणं देता येतील, पण खरं कारण वेगळं आहे. एक पोस्ट अर्धवट लिहून पडली होती आणि ती पूर्ण करताना मला माझाच राग येत होता. आज पूर्ण करून टाकतो.

तर झालं असं की २०२३ च्या दसऱ्याला आमच्या घरी पहिली गाडी आली. घरी म्हणजे एरंडोलला. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर आधी सायकल, मग चेतक आणि मग माझ्या बहिणीची जुनी स्कूटी. फंडाचे पैसे बँकेत पडून होते. मीच मागे लागलो की गाडी घ्या, आईचे गुडघे आहेत, दर वेळी जळगावला दवाखान्यात जायला एसटीची वाट बघता, हे आता पुरे. मॉडेल मी निवडलं, रंग मी निवडला (लाल, आईला पांढरा हवा होता), आणि दसऱ्यालाच डिलिव्हरी पाहिजे असा हट्टही माझाच. २४ ऑक्टोबर, मंगळवार. शोरूममध्ये जत्रा. आमचा नंबर लागेपर्यंत साडेसात वाजले. हार, नारळ, पेढे, किल्लीचा तो मोठा पुठ्ठा हातात धरून फोटो. गाडीभोवती मी एकच चक्कर मारली, तीही मोबाईलवर व्हिडिओ काढत. दारांच्या कडा, पॅनलमधल्या फटी, रंगाची छटा यातलं काहीही बघितलं नाही. माणूस ऑफिसात तीन ओळींच्या कोडवर अर्धा तास रिव्ह्यू करतो आणि आठ लाखांची वस्तू अंधारात घेऊन येतो!

दुसऱ्या दिवशी पद्मालयच्या गणपतीला जाऊन आलो आणि मी पुण्याला परतलो.

आप्पांचा त्यानंतरचा दिनक्रम आई फोनवर सांगायची. सकाळी सहाला उठायचं, बोअरची मोटर चालू करायची, बादलीत पाणी घ्यायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्याने गाडी धुवायची. रोज. गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर पडायची, धुतली मात्र सातदा जायची. मी हसायचो. "आप्पा, शाळेत फळा एवढा पुसला असता तर..." असा काहीतरी फालतू विनोदही केल्याचं आठवतं.

२०२४ च्या श्रावणात मागच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेला फुगे आले. आधी मोहरीएवढे तीन-चार, मग दोन बोटं रुंदीचा पट्टा, आणि एका फुग्याच्या टोकातून तांबूस ओघळ. गल्लीतल्या एकाने लगेच विचारलं, "काय व्हयनं मास्तर गाडीले?" आप्पांनी तिथे गणपतीचं एक स्टिकर लावून टाकलं. दाराच्या खालच्या कडेला गणपती! पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

सप्टेंबरात ते गाडी घेऊन जळगावच्या वर्कशॉपला गेले. तिथल्या माणसाने दोन प्रश्न विचारले. गाडी कशाने धुता? बोअरच्या पाण्याने. किती वेळा? रोज. झालं, निदान तयार. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रंग खाल्ला, त्यात खान्देशचं ऊन, हे 'बाह्य कारण' आहे, वॉरंटीत बसत नाही. आप्पा निमूटपणे घरी आले. रात्री मला फोन केला, आणि मी काय म्हणालो असेन? "तरी मी म्हणत होतो आप्पा, रोज कशाला धुता!" म्हणजे तरी मी कधीच म्हणालो नव्हतो. मी फक्त हसलो होतो.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी धुणं बंद केलं. पुढचे सात-आठ महिने गाडी ताडपत्रीखाली. दवाखान्याला पुन्हा एसटी, कारण विचारलं तर "पेट्रोल केवढं महाग आहे". आईने मला हे आखाजीच्या आठवड्यात सांगितलं, तेही आप्पा बाहेर गेलेले बघून. "ते स्वतःलाच लावून घेऊन बसले आहेत," म्हणाली. "पोराने हौसेने घ्यायला लावली, आपण सडवली, असं म्हणतात."

आखाजी ३० एप्रिलची, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, शुक्रवार रजा टाकली की पाच दिवस. चाळीसगाव-भडगावमार्गे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो तेव्हा बॅगेत एक उसनी वस्तू होती. ऑफिसातला एक मित्र जुन्या गाड्या घेऊन विकायचा जोडधंदा करतो. जेवताना त्याला हे सांगितलं तर त्याने घास तोंडात असतानाच विचारलं, "फक्त एकाच दाराला?"

हा प्रश्न मला स्वतःला सात महिने पडला नव्हता. पगार डीबगिंगचा घेतो मी!

विचार करा. पाण्याने रंग जायचा असेल तर तेच पाणी चारही दारांवर पडतं. बोअरच्या जड पाण्याने रंगाचं नुकसान होतं हे खरं आहे. पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि वरच्या पारदर्शक थरावर ते कायमचे उमटू शकतात. पण तो त्रास वरून खाली जाणारा. फुगा खालून वर येतो, पत्र्यापासून. उन्हाचं म्हणाल तर ऊन सगळ्यात जास्त टपावर आणि बॉनेटवर. दाराच्या खालच्या कडेला गाडीची स्वतःचीच सावली असते.

कारखान्यात गाडीला रंग कसा लागतो ते इथे सांगायला पाहिजे. आपल्याला वाटतं पत्रा आणि त्यावर लाल रंग. तसं नसतं. उघडी बॉडी आधी धुऊन तिच्यावर फॉस्फेटचा थर चढवतात. मग अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, त्यामुळे इपॉक्सीचा एक करडा थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात, दाराच्या आतल्या दुमडीतसुद्धा जाऊन बसतो. याला ईडी कोट म्हणतात आणि गंजाशी खरी लढाई हाच लढतो. तो भट्टीत भाजून मग प्रायमर, मग आपला लाल, मग वरचा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांएवढी.

या थरांशी खेळलं की काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर यांच्या बऱ्याच गाड्यांचा रंग पापुद्र्यासारखा सोलून निघायला लागला. मधला प्रायमरचा थर गाळला होता. उन्हातले अतिनील किरण वरच्या रंगातून आरपार जाऊन खालच्या इपॉक्सीचं पीठ करायचे आणि वरचा रंग पकड सुटून पडायचा. तेव्हा ऊन हे कारण असूच शकत नाही असं नाही. पण तिथे रंग टप आणि बॉनेटवरून गेला. आमचं टप तर आरशासारखं!

तर ती उसनी वस्तू म्हणजे रंगाची जाडी मोजायचं मीटर. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. पत्र्यावर टेकवलं की खालचं लोखंड किती लांब आहे हे चुंबकाच्या तत्त्वावर मोजून मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. आखाजीच्या दिवशी पहाटे, पत्रा तापायच्या आत, ताडपत्री काढली. आप्पा पायरीवर चहा घेऊन बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे बघत होते.

टप ११८. बॉनेट ११२. डावी दोन्ही दारं १२० च्या आसपास. पुढचं उजवं दार ११५. मागचं उजवं दार, वरचा भाग, २६०. मला वाटलं मीटर नीट टेकलं नाही. पुन्हा, २६४. खाली सरकलो, ४१०. स्टिकरच्या वर, ६४०.

"आप्पा, इकडे या."

"काय झालं?"

"हे दार पुन्हा रंगवलेलं आहे. आपण घ्यायच्या आधी."

ते चष्मा घेऊन आले, मीटर स्वतःच्या हातात घेतलं आणि शाळेत प्रयोगवहीत लिहायचे तसं मला लिहायला लावून सगळ्या गाडीवर एकोणतीस ठिकाणी मोजलं. एकेक आकडा मोठ्याने. एकोणतीसपैकी सहा गुन्हेगार आणि सहाही त्याच दारावर.

दुपारी म्हसावद रस्त्याला डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांकडे गाडी नेली. त्यांनी मीटरकडे बघितलंही नाही. दारावर बोटाची गाठ वाजवली, बाकीच्या दारावर वाजवली, आवाजातला फरक मलासुद्धा कळला. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावलं, ते इतर दारांना चिकटलं आणि इथे घसरून पडलं. मग दार उघडून रबराच्या बीडिंगची कड उलटी केली. आत लाल रंगाचे बारीक तुषार आणि चिकटपट्टीची एक सरळ रेघ. "हा कंपनीचा पेंट नाही भाऊ. ठोकर होती, पुट्टी भरली. घासताना पत्रा उघडा पडला, प्रायमर नीट मारला नाही. पुट्टी पाणी पिते." मी फुगा उकरून दाखवा म्हणालो तर त्यांनी हात मागे घेतला. "उघडू नका. पुरावा आहे तो." आणि पैसेही घेतले नाहीत.

त्या रात्री मी कायदा वाचला. नवीनच गाडी द्या, असं ठणकावायचं ठरवलं होतं, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका खटल्यात क्लच बिघडला म्हणून अख्खी गाडी बदलून द्यायला नकार दिला होता, सदोष भाग बदला इतकंच. माझी हवा थोडी गेली. मग आमच्यासारखं एक प्रकरण गोव्याचं सापडलं. तिथल्या एका ग्राहकाने २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि हातात आली २००९ ची गाडी. आधीच ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगभर ओरखडे, अशी त्याची तक्रार होती. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत तो जिंकत गेला, डीलर आणि टाटा मोटर्स दोघांविरुद्ध. १८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं. डीलर हा कंपनीचा नोकर नव्हे, तो स्वतंत्र व्यापारी. त्याने जे केलं ते कंपनीला माहीत होतं हे दाखवल्याशिवाय कंपनीला धरता येत नाही. म्हणजे आपण कोणाशी भांडतोय ते आधी ठरवायचं. गंजाची वॉरंटी कंपनीची. पण दार कंपनीच्या रंगाचं नसेल, तर प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा.

एक उपयोगाची गोष्ट. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानुसार तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आप्पांना उगाच दुसरीकडे खेटे घालायची गरज नाही, जळगाव पुरे.

शुक्रवारी आम्ही दोघं वर्कशॉपला गेलो. मी छापील तक्ता, फोटो, कायद्याची कलमं, सगळा सरंजाम घेऊन. समोर वर्कशॉपचा मुख्य. त्याने तक्ता वाचला, उठला, आतून त्यांचं स्वतःचं मीटर आणलं (म्हणजे होतं!) आणि दारावर टेकवलं. आकडा बघून बराच वेळ खाली बसून राहिला. ट्रेलरवरून उतरवताना झालं की यार्डात, ते त्याने सांगितलं नाही. "बघतो, वरती बोलतो," म्हणाला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "म्हणजे पाण्याचा दोष नव्हता ना?"

"नाही सर."

"रोज धुतल्याचा?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि खुर्चीतून उठले. त्यांचं काम झालं होतं. माझं व्हायचं होतं, म्हणून मी अजून तासभर भांडलो. लेखी द्या म्हणालो. शेवटी मिळालं ते असं: दाराचा पत्रा संपूर्ण नवा, कारखान्यातून ईडी कोट होऊन आलेला, रंग आणि मजुरी त्यांची, आणि बदलाचं कारण कागदावर, 'विक्रीपूर्व दुरुस्ती' या दोन शब्दांत. नुकसानभरपाई शून्य. माझा तक्रारीचा मसुदा तयार होता. येताना पाळधीजवळ आप्पांना दाखवला, त्यांनी दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि परत दिला. "आठ महिने गाडी झाकून ठेवली, त्याचे पैसे कसे मोजणार तू?" मी म्हटलं, मोजतात कोर्टात. ते म्हणाले, "मग ते मीच झाकून ठेवलं होतं ना." यावर आमचं एरंडोल येईपर्यंत जुंपली. मला अजूनही वाटतं तक्रार करायला हवी होती. ज्या माणसाने मीटर कपाटात ठेवून एका मास्तरला बोअरच्या पाण्याचं खापर चिकटवलं, त्याला ते महागात पडायला हवं होतं. पण मग फोनवर "तरी मी म्हणत होतो" म्हणणाऱ्यावर कोणतं कलम लावायचं, हेही बघावं लागेल. असो.

दार जूनमध्ये बदललं. लाल रंगाची छटा कणभर वेगळी आहे, उन्हात तिरकं बघितलं तर कळतं. चाचांनी आप्पांना एक गोष्ट शिकवलीय. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि गंज आतून सुरू होतो. झाडूच्या काडीने ती मोकळी ठेवायची. तुमच्या गाडीची आत्ता जाऊन बघा, निम्म्या तरी बुजलेल्या निघतील :-)

परवा सकाळी साडेसहाला फोन केला तर आईने उचलला. आप्पा कुठेत विचारलं.

"बाहेर आहेत. काडी शोधताहेत."

मागे बोअरची मोटर चालू होती.